किनाऱ्याची जमीन : कशी घडते, कशी खचते



गणपती आटोपले, समुद्र जरा निवळला, की किनारपट्टीच्या गावांतून एकाच तऱ्हेच्या तक्रारी यायला लागतात. कोणाचे चार माड समुद्रात गेले, कोणाच्या वाडीचे कुंपण वाहून गेले, कोणाच्या खारातल्या भातात खाडीचे पाणी शिरले. शेवटी प्रश्न ठरलेला. समुद्र पुढे सरकतो आहे का, आणि दगडाचा बंधारा कधी होणार? बंधाऱ्याचे पुढे बघू. आधी आपण ज्या जमिनीवर माड लावतो आणि भात पिकवतो, ती जमीन तिथे आली कुठून, हे समजून घेऊ. कारण ती जशी आली, तशीच ती जाते.

आपल्या शेताचा बांध तुम्ही हलवल्याशिवाय हलत नाही. किनारा तसा नाही. वाडीत विहीर खणताना तुम्ही पाहिले असेल. वर हात-दीड हात काळसर खतमाती, तिच्याखाली वाळू, आणि वाळूत शिंपल्यांचे तुकडे. गुहागरला जा, दिवेआगरला जा, आचऱ्याला जा, किनाऱ्याला लागून असलेल्या वाड्या अशा वाळूवर उभ्या आहेत. ही वाळू समुद्राने आणून टाकलेली. म्हणजे सात-बारा आपल्या नावाचा असला, तरी जमीन मुळात समुद्राच्या देण्याघेण्यातली आहे.

लाट खडकाशी काय करते

लाट नुसते पाणी असते असे समजू नका. तिच्या पोटात वाळू असते, गोटे असतात, आणि पावसाळ्यात पुरुषभर उंचीची लाट खडकावर आपटली की खडकाच्या फटीत हवा दाबली जाते. लाट मागे फिरली की ती हवा एकदम सुटते. पाचर ठोकावी आणि काढावी, तसा हा प्रकार. वर्षानुवर्षे असे झाले की फट रुंदावते, दगड सुटतो, आणि तोच सुटलेला दगड पुढच्या लाटेच्या हातातला हातोडा होतो.

कड्याच्या पायाशी, भरतीच्या पाण्याच्या पातळीला, आधी खाच पडते. खाच आत आत गेली की वरचा भाग अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. कडा असा मागे सरकत जातो आणि त्याच्या जागी सपाट कातळ उरतो. ओहोटीला कालवे काढायला जातो ती खडपे म्हणजे एके काळच्या डोंगराचा तळ. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर हे सगळे एका जागी बघायला मिळते. वर कडा, खाली कातळाचा सपाट ओटा, त्यात गोट्यांनी फिरून फिरून कोरलेले रांजणासारखे खळगे, आणि खाऱ्या पाण्याने मधाच्या पोळ्यासारखा झालेला दगड.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जांभ्याचा कडा निराळ्या तऱ्हेने पडतो. जांभा वरून टणक असतो, पण पुष्कळ ठिकाणी त्याच्याखाली मऊ चिकणमातीचा थर असतो. लाट तो थर उपसते आणि वरचे जांभ्याचे मोठमोठे चिरे एकदम खाली येतात. म्हणून कड्याच्या टोकाला काजू-आंब्याची लागवड असेल तर तिथे पाणी जिरवण्याचे चर खणू नका. डोंगरउतारावर चर चांगले, कड्याच्या तोंडावर नाहीत. तिथले पाणी वळवून मागे न्यावे.

आता लाट सगळीकडे सारखी मारत नाही, हे ध्यानात घ्या. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो. भूशिरासमोर तळ आधी उथळ होतो, त्यामुळे लाट तिथे अडते आणि दोन्ही बाजूंनी वळून भूशिरालाच मिठी मारते. सगळा जोर टोकावर पडतो. दोन भूशिरांच्या मधल्या वळणात मात्र लाट पसरते, दुबळी होते, आणि हातातली वाळू तिथे टाकते. म्हणून आपला कोकणचा किनारा असा दिसतो. डोंगराचे टोक, मग पुळण, मग खाडी, मग पुन्हा टोक. समुद्र टोके घासतो आणि वळणे भरतो.

वाळूची कणगी

हा भाग वाडीवाल्यांनी नीट वाचावा.

लाट वर चढताना वाळू आणते आणि परतताना काही घेऊन जाते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत लाटा बुटक्या आणि लांब लांब अंतराने येतात. चढती लाट जोरदार, परतणारे पाणी वाळूत मुरून मंद. त्यामुळे आणलेली वाळू वर राहते आणि पुळण रुंद होते. पावसाळ्यात उलट. लाटा उंच, एकीच्या पाठीला दुसरी, पुळण आधीच भिजलेली, पाणी मुरायला जागा नाही. परतणारे पाणी वाळू ओढून नेते. ही वाळू फार लांब जात नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा एक लांब उंचवटा तयार होतो. मोठ्या लाटा मग त्या उंचवट्यावरच फुटतात आणि किनाऱ्याला येईपर्यंत थकतात. आपलीच वाळू पुढे जाऊन आपलीच राखण करते. पाऊस सरला की लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात.

म्हणून सप्टेंबरात पुळण खचलेली दिसली की समुद्र पुढे आला असा निर्णय करू नये. खरा हिशोब उन्हाळ्याच्या शेवटी करायचा. उपाय अगदी साधा आहे आणि त्याला खर्च नाही. वाडीतल्या विहिरीचा एक कोपरा धरा. दर वर्षी अक्षय तृतीयेला त्या कोपऱ्यापासून वाळूच्या टेकाडाच्या समुद्राकडील कडेपर्यंत टेपाने अंतर मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. पाच-सात वर्षे हे अंतर थोडे कमी, थोडे जास्त होत राहिले तर काळजी नाही. पण दर वैशाखात ते घटतच गेले, तर तुमच्या किनाऱ्याला आत येते त्यापेक्षा बाहेर जाणारी वाळू जास्त आहे. मग अर्ज करा, आणि अर्जाला ही वही जोडा. नुसत्या गाऱ्हाण्यापेक्षा मोजमापाला वजन असते.

आता टेकाडाविषयी. उन्हाळ्यात कोरडी झालेली वाळू वारा उचलतो आणि भरतीच्या रेषेच्या वर नेऊन टाकतो. तिथे मर्यादवेल असते, बघा. जाड गोलसर, मधे दुभंगलेले पान, जांभळे फूल. आपल्या वाडवडिलांनी नाव किती नेमके ठेवले आहे, समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल! ही वेल वाळूवर पसरते, वाळूचे कण तिच्यात अडकतात, ती गाडली गेली की पुन्हा वर येते, आणि टेकाड वाढत जाते. त्याच्यामागे केवडा, मग उंडी आणि करंज, मग माड, असा मूळचा क्रम आहे.

हे टेकाड म्हणजे वाळूची कणगी आहे. वादळी पावसात समुद्राला पाण्याखालचा उंचवटा बांधायला जी जादा वाळू लागते, ती तो या कणगीतून काढतो आणि पुढे सावकाश भरून देतो. कणगी रिकामी असली तर? भुकेला थांबत नाही. समुद्र मग तुमच्या वाडीतली वाळू काढतो, आणि वाडीतली वाळू गेली म्हणजे माड गेला.

कणगी रिकामी कोण करते, हे मी सांगायला नको. घर बांधायला चार पाट्या, मग बैलगाडी, मग ट्रक. टेकाडाने समुद्र दिसत नाही म्हणून ते सपाट करणारे आता नवीन निघाले आहेत. ज्याने वाळू विकली त्याला ब्रासचे पैसे एकदा मिळतात, आणि शेजारच्या वाडीचे माड दर पावसाळ्यात पडतात. वाळूची टेकाडे आणि कांदळवने यांना किनारा नियमनाच्या नियमांखाली कडक संरक्षण आहे. हे नियम १९९१ पासून आहेत आणि २०१९ साली त्यांची नवी अधिसूचना निघाली. पण नियम कागदावर राहतो. पुळणीवर रात्री ट्रक उतरतो तो गावाच्या रस्त्यानेच, ही गोष्ट गावानेच मनावर घ्यायची आहे.

सुरूविषयी थोडे स्पष्ट बोलतो, कारण सुरू लावा असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले आहे. वारा अडवायला सुरू उपयोगी आहे यात वाद नाही. पण त्याची मुळे वरवर राहतात. पायाखालची वाळू कापली गेली की तो उन्मळून पडतो, आणि त्याच्या गळलेल्या पाल्याच्या थराखाली मर्यादवेल जगत नाही. तेव्हा सुरू लावायचा तर टेकाडाच्या मागे, वाडीच्या बाजूला. समुद्राकडील तोंड वेलीला आणि गवताला मोकळे सोडा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तशी नवी लागण करण्याची वेळ आली तर माडाची पहिली ओळ मागे घ्यावी आणि पुढच्या पट्ट्यात केवडा-उंडी येऊ द्यावी. एक ओळ कमी बसते, कबूल आहे.

वाळूची वाटचाल

लाट किनाऱ्यावर सरळ येत नाही, तिरकी येते. वाळूचा कण तिरका वर चढतो आणि सरळ उताराने खाली येतो. पुन्हा तिरका वर, पुन्हा सरळ खाली. असा नागमोडी चालत तो किनाऱ्याच्या कडेने पुढे पुढे जातो. खाडीच्या तोंडाशी पोचला की तिथे किनारा संपतो, पाणी खोल होते, आणि वाळू पुढच्या पुढे पडत राहून एक जीभ तयार होते. मालवणजवळचे देवबाग हे याचे ठळक उदाहरण. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर गाव, माड, देऊळ, शाळा. अशी जीभ म्हणजे थांबलेली वाळू नव्हे. तिच्या एका अंगाला भर पडते, दुसऱ्या अंगाला तूट, आणि टोक हलत राहते. देवबागला समुद्राची धूप वर्षानुवर्षे छळते आहे आणि तिथे दगडी बंधारेही घालावे लागले, ते या जागेच्या स्वभावामुळे.

म्हणूनच आता बंधाऱ्याचा विषय. घरे पाण्याच्या तोंडाशी आली असतील तर दगड टाकण्यावाचून इलाज नसतो, त्याला माझी ना नाही. पण वाडी वाचवण्याचा हा पहिला उपाय नव्हे. उभ्या भिंतीवर लाट आपटली की ती परतताना भिंतीच्या पायाची वाळू उपसून नेते. भिंत राहते, पुढची पुळण जाते, आणि होडी ओढायला जागा उरत नाही. भिंत जिथे संपते तिथे लाटेचा जोर बाजूला वळतो आणि शेजाऱ्याची जमीन दुप्पट वेगाने कापली जाते. समुद्रात आडवा धक्का बांधला तर एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहतो. तेव्हा ग्रामसभेत बंधाऱ्याचा ठराव करताना तो कुठून कुठवर, आणि टोकाच्या पलीकडे कोणाची वाडी आहे, एवढे तरी विचारावे.

खाडी आणि खार

समुद्रकाठची वाळू झाली, आता खाडीचा गाळ. हा भाग पेण, अलिबागच्या खारेपाटातल्या मंडळींसाठी.

आपल्या खाड्या म्हणजे बुडालेल्या दऱ्या आहेत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. बर्फ वितळून पाणी वर आले तेव्हा ते नद्यांच्या दऱ्यांत शिरले. तेव्हापासून नद्या त्या दऱ्या गाळाने भरत आहेत. नदीचे गढूळ गोडे पाणी खाऱ्या पाण्याला भेटले की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात. दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटते तसे. गुठळ्या जड होऊन तळाला बसतात आणि चिखलाची जमीन वर येते. तिच्यावर तिवर आणि कांदळ उगवले की त्यांच्या मुळ्यांत पाणी रेंगाळते आणि गाळ आणखी साचतो. अशा वर आलेल्या चिखलाला बांध घालून आपल्या पूर्वजांनी खारजमीन केली. खाड्या भरत आल्या याचा पुरावा इतिहासातही आहे. सोपारे हे प्राचीन काळचे नामांकित बंदर, आज तिथे जहाज लागत नाही. राजापूरपर्यंत एके काळी गलबते जात, आता खाडी गाळाने भरली आहे.

हा गाळ येतो कुठून? थोडा आपल्याच वरकस जमिनीतून. उतारावर झाडतोड करून नाचणी-वरी केली, बांधबंदिस्ती नाही, की जून-जुलैच्या पावसात वरची माती थेट खाडीत. खाडीचा तळ वर आला की पूर आणि भरती एकत्र आल्यावर पाणी पसरायला जागा राहत नाही आणि ते खारबांधावरून जाते. डोंगरावरच्या आणि खाडीकाठच्या शेतकऱ्याची ओळख नसेल, पण एकाची माती दुसऱ्याच्या बांधावर पाणी चढवते.

मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण दोन मीटर. त्यामुळे उत्तरेकडे बांधाची उंची आणि उघडीची मजबुती यांना जास्त महत्त्व. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत जोराचे आणि अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग सर्वांत मंद. वेळेचा जुना आडाखा तुम्हांला ठाऊकच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. नवमीला नऊ पाऊण पावणेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास भरती आणि दुपारी एकच्या सुमारास ओहोटी. बांधाला खांड पडली असेल तर ती बुजवायला नवमी-दशमीची दुपार चांगली. पाणी मंद, उजेड भरपूर, माणसे हाताशी. उधाणाच्या तोंडावर घातलेली माती त्याच रात्री वाहून जाते.

खारबांधासाठी १९४८ साली कायदा झाला, पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला, आणि सरकारी योजनांतील बांधांची कामे खारभूमी खात्याकडे आली. त्याआधी गावकरीच एकत्र येऊन बांध राखत. खाते आले, चांगले झाले, पण बांधावरचे खेकड्याचे बीळ बघायला खाते रोज येणार नाही. मोठी खांड पुष्कळदा अशा एखाद्या बिळातूनच सुरू होते. मे महिन्यात एकदा सगळ्यांनी मिळून बांधावरून चालत जावे, बिळे चिकणमातीने ठोकून बुजवावीत, उघडीची झडप नीट बसते का आणि तिच्यात ओंडका अडकला नाही ना, ते बघावे. आणि बांधाच्या बाहेरचा तिवरांचा पट्टा जळणासाठी तोडू नये. लाट बांधावर पोचण्याआधी त्या झाडोऱ्यात तिचा जोर मोडतो. तिवर तोडलेला बांध दोन पावसाळ्यांत उघडा पडतो, मग कितीही माती घाला.

खारे पाणी शिरलेच तर

पहिले काम, पाणी बाहेर काढणे. ते शेतात सुकू दिले तर मीठ शेतातच राहते. ओहोटीला उघडी मोकळी करा. नंतर पावसाचे गोडे पाणी खाचरात अडवून दोन-तीन दिवस ठेवा आणि ओहोटीला सोडून द्या, असे तीन-चार वेळा करा. आपल्याकडे पाऊस भरपूर आहे, तेच आपले औषध. पहिल्या चांगल्या पावसांनी मीठ धुतल्याशिवाय लावणीची घाई नको. रोप थोडे जून घ्यावे आणि एका जागी दोन काड्या जास्त लावाव्यात. खारासाठी पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ या जाती आहेत. कापणीनंतर शेत उघडे टाकू नये. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे मीठ ओलीबरोबर वर येते आणि पांढरी खपली धरते. उथळ नांगरट करा किंवा पेंढा पसरा.

वाडीत खारे पाणी आले तर माड बहुतेक सोसतो, पोफळ सोसत नाही. पोफळीच्या आळ्यांना लगेच गोडे पाणी द्या. मात्र त्यासाठी विहीर एका दमात उपसू नका. पुळणीच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे भराभर उपसले की खालचे खारे वर चढते, आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला पुढचा पावसाळा लागतो. लहान पंप, सकाळी थोडे आणि संध्याकाळी थोडे.

जिप्सम विकत घेण्याआधी माती तपासून घ्या. आपल्या खारात बहुतेक ठिकाणी साधे मीठच असते आणि ते पाण्याने जाते, पैसे घालवायची गरज नसते. नमुना मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी घ्यावा, तेव्हा क्षार सर्वांत जास्त दिसतात. वरची पांढरी खपली बाजूला सारून वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत घ्या. एका शेतात अशा आठ-दहा जागा, सगळी माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत सुकवून कापडी पिशवीत. खताच्या गोणीत भरू नका, निकाल चुकतो. पिशवीत नाव, गाव, गट क्रमांक आणि खारे पाणी शेवटचे कधी शिरले ती तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पोचवा.